सोबतीचं बीबीए

२८ जुलै २०२४, रविवार

नाव घातलं! एक नाही, दोन! सूनबाईचं आणि माझंही!

गेलो होतो रोहिणीचा प्रवेश घ्यायला. मुक्त विद्यापीठाचं बीबीए — व्यवसाय व्यवस्थापन. तास दर रविवारी, आष्टीच्या केंद्रावर. बारावी झाली आणि पोरीचं लग्न झालं, तेव्हापासून तिच्या मनात होतं. घरातून होकार मिळाला, पण आमच्या मंडळींनी, सावित्रीबाईनं, निक्षून सांगितलं — "सून एकली तालुक्याला जायची न्हाई. सोबत पाहिजे." आमच्याकडं बाई दवाखान्यात निघाली तरी सोबत, बाजाराला निघाली तरी सोबत. पोराचं, अभिमन्यूचं, पंक्चरचं दुकान, त्यात रविवारीच गर्दी. बायको शिकतेय याची त्याला हौस आहे, वेळ नाही. मग सोबत म्हणजे मी. रिकामा!

केंद्रावरच्या वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, "बाबा, दिवसभर तास चालतात. तुम्ही बाहेर कुठं बसणार?"

"आत बसलो तर?"

त्या हसल्या. "आत बसायला नाव घालावं लागतं."

तसाच घरी आलो, पेटीच्या तळातून पी.यू.सी.चं, म्हणजे त्या काळच्या बारावीचं, प्रमाणपत्र काढलं, दुपारच्या गाडीनं परत गेलो. चाललं की! कडा कसरीनं खाल्ल्या होत्या, नाव शाबूत होतं.

सावित्रीबाई — "ह्या वयात दप्तर? लोकं हासतेल."

हसू देत!

११ ऑगस्ट

बाक! पुन्हा बाक!

बसलो आणि एकदम आठवी आठवली. मराठीचे गुरुजी डोळे मिटून कविता म्हणायचे. आम्ही सगळे बाकावर हातानं ताल धरायचो. शेजारचा गणिताचा वर्ग बंद पडायचा. खिडकीतून लिंबाची पिकली पानं आत यायची आणि आम्हाला वाटायचं, कवितेलाच आली.

आज वर्षाराणी मॅडमनी फळ्यावर लिहिलं — नियोजन, संघटन, निर्देशन, नियंत्रण. काय ठेका आहे! माझा हात आपोआप बाकावर पडला. धड-धड-धड! अख्खा वर्ग मागं वळला. रोहिणीनं पदर तोंडाशी धरला. रडते की काय वाटलं. हसत होती.

१ सप्टेंबर

पहिली ओवी झाली! विपणनाच्या चार गोष्टींवर —

वस्तू असावी चोखट ।
किंमत नसावी बिकट ।
ठिकाण असावे निकट ।
मग पिटावा डंका ॥

रोहिणी भाकरी थापता थापता म्हणत होती. तिला दोनदा म्हणून पाठ झाली. मग तिनं मला विचारलं, "मामा, पण ठिकाण निकट म्हंजे कुणाच्या निकट? आपल्या का गिऱ्हाइकाच्या?" मला कुठं ठाऊक! यमक जुळत होतं. मग तिनंच समजावून सांगितलं.

२० ऑक्टोबर

प्रकल्पासाठी सीताफळाच्या बाजारात गेलो. रोहिणी प्रश्न विचारायची, व्यापारी उत्तर मला द्यायचे! ती म्हणाली, "माल कच्चा असताना का उचलता?" तर व्यापारी माझ्याकडं बघून — "असंय बाबा, वाटंत पिकतो."

मी म्हणालो, "मला नका सांगू. मी सोबतीला आलोय."

तिसऱ्या व्यापाऱ्याला रोहिणीनंच ठणकावलं — "दादा, इकडं बघून बोला. प्रश्न मी विचारलाय."

त्यानं बघितलं. पार टोपी सारखी करून बघितलं! पुढं अर्धा तास तिच्याशीच बोलला. मी बाजूला बसून एक सीताफळ खाल्लं. सीताफळाचा गर काढून विकायचा पोरीचा बेत आहे. आज पहिल्यांदा मला तो दिसला, समोर असल्यासारखा.

१७ नोव्हेंबर

पारावर दोस्त बंकट — "काय बे मॅनेजर, कंपनी कशाची काढतो?" म्हणालो, "तुझ्या थापांची. माल संपायचा न्हाई!"

१८ मे २०२५

शेवटचा पेपर झाला! हात दुखतोय, पण मन हवेत आहे. सगळे पेपर असेच गेले. लेखणी थांबलीच नाही. व्यवस्थापनाची तत्त्वं — ओवी! नेतृत्वाचे प्रकार — ओवी! मागणीचा नियम तर असा उतरला की मीच दोनदा वाचला. तपासणाऱ्याला किती मजा येईल! एरवी तेच तेच वाचून बिचारा कंटाळत असणार.

गाडीत रोहिणीला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला — "मामा! पेपरात? ओव्या पाठांतराला हुत्या हो! उत्तर आपल्या शब्दांत लिवायचं असतंय!"

माझेच तर शब्द होते.

६ जुलै

रोहिणी पास! पहिल्या वर्गात! अंगणात उभा राहून ओरडलो, गल्ली गोळा झाली.

मग माझा निकाल बघितला. लेखाशास्त्र सोडून सगळ्यात नापास. लेखाशास्त्रात ओवी बसत नव्हती, म्हणून तेवढं वाचलं.

मला काय, पुन्हा बसेन. पण अभिमन्यू म्हणाला, "आबा, दुसऱ्या वर्षाचे तास बीडला असतेत. तुमी राह्यलात आष्टीत. तिच्या सोबतीला कोण? मला दुकान सोडता येत न्हाई. राहू द्या आता. एक वर्ष झालं की."

रोहिणीनं शिऱ्यासाठी साखर काढली होती. परत डब्यात ओतली. झाकण लावलं.

माझ्या ओव्यांपायी पोरीचं शिक्षण थांबणार! आज एक ओळ सुचली नाही.

९ जुलै

सावित्रीबाई शेंगा फोडत होती. एकदम रोहिणीला म्हणाली, "परीक्षेला तुज्या शेजारी कोण बसलंतं गं?"

"कुणीच न्हाई, आत्याबाई. एका बाकावर एकच."

"आन ह्ये तुजे मामा?"

"ते दुसऱ्या खोलीत हुते."

"म्हंजे समदं तू एकलीनं लिवलं?"

"हां."

सावित्रीबाईचा हात थांबला. मग मुठीतली शेंग फोडून विचारलं, "बीडची पहिली गाडी कितीला असती गं?"

१० ऑगस्ट, रविवार

रोहिणी पहाटेच्या गाडीनं बीडला गेली. एकटी! सावित्रीबाईनंच फाट्यावर नेऊन बसवून दिलं. परत आली, ठेवणीतलं लुगडं नेसली, माझी पुस्तकाची पिशवी खांद्याला अडकवली आणि दारात उभी राहिली — "उठा. चला आष्टीला. तुमी एकले बसले की नापास हुता. आता तुमाला सोबत मी."