घरातील सर्वांना

मंगळवार, ता. ११
सकाळी सहा चाळीस

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. पाकिटावर घराचा नंबर पुन्हा उलटा घातलास, सोळाचा एकसष्ट. आमच्या गल्लीत एकसष्ट नंबरच नाही म्हणून पोचलं. असता तर एकसष्टवाल्यांनी वाचलं असतं.

इकडे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही. मागच्या खोलीच्या खिडकीची बिजागरी मी स्वतः बदलली. सुताराने चारच्या जागी तीन स्क्रू लावले होते आणि वर मला सांगत होता, "साहेब, तीनवर पण धरतं." धरतं, हे मलाही माहीत आहे.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस: "दादा, तीन वर्षं तू 'घरातील सर्वांना यथायोग्य' असं लिहून मोकळा होतोस. पूर्वी एकेकाचं लिहायचास, मांजराचंसुद्धा. या सर्वांमध्ये हे येतात का, ते एकदा कळव. फोनवर विचारलं की तू हवापाण्यावर जातोस."

उत्तर देतो. पण त्याआधी थोडं ऑफिसचं सांगावं लागेल. तू म्हणशील, गेला हवापाण्यावर. नाही गेलो. शेवटपर्यंत वाच.

आमची कंपनी शीतगृहांचे नियंत्रक बनवते. भिंतीवरची एक पेटी, आत आमचा प्रोग्राम. तो दर मिनिटाला तापमान बघतो आणि बिघडलं की घंटा वाजवतो. हा प्रोग्राम दोनशेच्या वर फायलींतून तयार होतो. त्या एकत्र बांधण्याच्या कामाला आम्ही बिल्ड म्हणतो. बिल्ड करणाऱ्या यंत्राला कोणत्या फायली घ्यायच्या ते सांगावं लागतं आणि ते दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक तर प्रत्येक फाईलचं नाव लिहायचं. नाहीतर एक स्टार टाकायचा, म्हणजे 'या फोल्डरमध्ये जे सापडेल ते सगळं घे.'

मी यादीवाला. तुझे यजमान स्टारवाले. मी त्यांना मेहुणे म्हणायचो म्हणून सगळं ऑफिसच त्यांना मेहुणे म्हणायला लागलं, साहेबांसकट. आमचा वाद रोजचा होता. ते म्हणायचे, "मेहुणे, तुमची यादी म्हणजे शाळेतली हजेरी. नवीन फाईल आली की तुमच्या टेबलाशी उभी राहून 'हजर' म्हणणार!" मी म्हणायचो, "आणि तुमचा स्टार म्हणजे उघडं दार. कोण आत आलं, कोणाला पत्ता?" चहावाला दोघांचे कप ठेवून ऐकत उभा राहायचा. त्या दिवसांत साहेबांनी स्टारच्या बाजूने कौल दिला होता, कारण काम लवकर व्हायचं. मला ते लागलं होतं. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. एका औषधांच्या गोदामातलं शीतगृह शनिवारी रात्री बंद पडलं. आमच्या पेटीवर सोमवार सकाळपर्यंत चार अंश दिसत राहिले. घंटा वाजली नाही. सगळा माल फेकावा लागला. कोणाच्या जिवावर बेतलं नाही, ते केवळ गोदामवाल्याने एक खोकं हाताला गरम लागलं म्हणून उघडलं, त्यामुळे.

शोधल्यावर सापडलं ते असं. बिल्डच्या फोल्डरमध्ये एक जास्तीची फाईल पडून होती. चाचणीसाठी लिहिलेली. कधीही विचारा, ती 'चार अंश' एवढंच सांगायची. आमच्याकडे प्रत्येक फाईल स्वतःची नोंद स्वतः करते आणि एकाच कामाच्या दोन असल्या तर शेवटी नोंदली गेलेली चालते. स्टारने ती उचलली, ती शेवटी नोंदली गेली आणि खरं तापमान बाजूला पडलं. स्टार मेहुण्यांचा. त्या गोदामाच्या पेटीत गेलेली बिल्ड केली तीही त्यांनीच. अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: "कारण: स्टारचा वापर." त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. महिन्याभरात मेहुण्यांनी राजीनामा दिला आणि तेव्हापासून ते शिकवण्या घेत आहेत.

तुला माहीत नाही ते अर्धं आता.

ती फाईल माझी होती.

घंटा किती अंशांना वाजते हे तपासायला मला स्थिर आकडा हवा होता. फाईल लिहिली, हाताने त्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली, तपासलं आणि काढायची राहिली. काढायची राहिली, एवढंच. कोणी मागे लागलं नव्हतं, घाई नव्हती.

ती माझी हे कोणाला कळण्यासारखं नव्हतं, कारण फाईलवर नाव नव्हतं. पण मी फाईलच्या डोक्यावर वार, तारीख आणि वेळ लिहितो. तुला माहीत आहे, मी वाणसामानाच्या चिठ्ठीवरही लिहितो. ऑफिसात असं दुसरं कोणी करत नाही. फाईल सापडली तेव्हा पडद्यासमोर आम्ही दोघंच होतो. वर लिहिलं होतं: गुरुवार, दुपारी एक वीस. एक वीसला सगळे खाली जेवायला असतात. मी एकटा टेबलावर असतो.

मेहुण्यांनी ती ओळ वाचली. दोनदा वाचली असावी. मग खुर्ची मागे सारून उठले आणि म्हणाले, "मेहुणे, डबा वेळेवर खात जा."

एवढंच. साहेबांसमोर नाही, तुझ्यासमोर नाही, राजीनाम्यातही नाही. तू मला तीन वर्षं राखी रंगाचे मोजे विणून पाठवत राहिलीस, त्यावरून कळतं की घरीही नाही.

मी का बोललो नाही, याचं कारण लिहितो, सबब म्हणून नाही. त्या ऑफिसात माझ्याशिवाय प्रत्येकाकडे पदवी आहे. मी जुनी पुस्तकं आणि बिघडलेली यंत्रं यांच्यावर शिकलो. पदवीवाला चुकला की लोक म्हणतात, चुकला. मी चुकलो की म्हणणार, "तरी वाटलंच होतं." ते ऐकायची माझी तयारी नव्हती. ते ऐकायचं मेहुण्यांवर गेलं.

त्यानंतर स्टार काढून मी यादी केली. दोनशे चौदा नावं, एकेक हाताने टाइप केलेली. तीन वर्षांत एकही आगंतुक फाईल आत आली नाही. मी हे चारचौघांत सांगायचो.

मागच्या महिन्यात दार उघडं राहिलं तर वाजणाऱ्या घंटेची नवीन फाईल मी लिहिली. पेटी ग्राहकाकडे जाण्याआधी आमच्या तपासणीच्या बाई सगळं करून बघतात. त्यांना निवृत्तीला चार महिने उरलेत, त्यामुळे कोणाला घाबरत नाहीत. त्यांनी आमच्या चाचणीच्या शीतगृहाचं दार उघडलं, पाच मिनिटं उभ्या राहिल्या, शाल मागवली, आणखी पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग तशाच माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, थंडीने मेले मी. घंटा कुठाय?"

फाईल होती. यादीत नव्हती. यंत्राने तक्रारही केली नाही. यादीत नाही म्हणजे त्याच्या लेखी ती नाहीच. बाईंनी पडद्यात वाकून पाहिलं आणि हसल्या. "तुमच्या यादीत तुमचीच फाईल नाही होय?"

मी म्हणालो, "राहिली."

बाई म्हणाल्या, "मग घाला," आणि चहा घ्यायला गेल्या. एवढंच झालं. कोणी "तरी वाटलंच होतं" म्हणालं नाही. मी बराच वेळ वाट पाहिली.

माझं मत बदललेलं नाही, हे मेहुण्यांना सांग. यादीच बरी. यादीतून राहिलेलं तपासणीत सापडतं, स्टारने आत घेतलेलं गोदामात सापडतं. फक्त दोन्ही वेळा हात माझाच होता.

आता गेल्या आठवड्याचं. मेहुण्यांनी रुग्णालयांची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत अर्ज केला आहे, हे तू मला लिहिलं नाहीस. बरोबर केलंस. त्या कंपनीचं चौकशीचं पत्र आमच्याकडे आलं: तीन वर्षांपूर्वीच्या बिघाडाला जबाबदार कोण? साहेबांनी ते माझ्या टेबलावर टाकलं. "तुमच्या घरचंच आहे. दोन ओळी लिहून टाका, जुना अहवाल जोडा."

पहिल्यांदा मी लिहिलं, "तत्कालीन कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडून तरी एक फाईल राहून गेली." वाचून पाहिलं. खोटं नव्हतं. पण त्यात मेहुणेही येत होते, मीही येत होतो आणि त्या दिवशी रजेवर असलेला शिपाईही येत होता. खोडलं. मग लिहिलं की फाईल मी ठेवली, मी काढली नाही, अहवालात मी ते लिहिलं नाही, आणि ज्यांच्याबद्दल चौकशी आहे त्यांचा यात दोष नाही. खाली सही केली, वार आणि वेळ घातली.

साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं. "हे असंच पाठवायचं?"

"असंच."

"परत विचार करा. बिल्डचं काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही मग."

"माहीत आहे."

पत्र काल गेलं. प्रत सोबत आहे. बिल्ड एक तारखेपासून दुसऱ्याकडे जाईल. त्याने स्टार लावला तर मी काही बोलणार नाही. बोलेन बहुतेक.

हे तुझ्या वहिनीला काल जेवताना सांगितलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "चिंगी मोजे पाठवणार नाही आता." शक्य आहे. आहेत ते तीन जोड चांगल्या स्थितीत आहेत.

'सर्वांमध्ये हे येतात का' असं तू विचारलंस, त्याचं उत्तर: नाही. 'सर्वांना' लिहिताना त्यांचं नातं हाताने लिहावं लागू नये म्हणूनच तो शब्द घेतला होता.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. थोरलीला आशीर्वाद, धाकट्याला आशीर्वाद. मांजर अजून असेल तर त्यालाही.

मेहुण्यांना नमस्कार. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस, हातात दे. आणि सांग, मी आता एक वाजता खाली जाऊन सगळ्यांबरोबर डबा खातो.

तुझा दादा

सकाळी आठ पाच