बॉनेटखालचं कार्ड

प्रिय झोर्नित्सा,

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तुला पत्र लिहितोय आणि सुरुवात तुझ्या गाडीच्या ऑइलनं करतोय, म्हणून हसू नकोस. शनिवारी बाजारात तुझी लाडा सुरू होईना, तेव्हा मी बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर आवळली आणि तारेला लटकणारं ऑइल बदलायच्या नोंदीचं कार्ड दिसलं. नऊ वर्षं त्या कार्डावर माझं अक्षर असायचं. आता नवं कोरं कार्ड, त्यावर त्या नव्या गॅरेजवाल्या यावोरचं वळणदार अक्षर, पातळ ऑइलचा नंबर आणि पुढची खेप दहा हजार किलोमीटरनी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात तू विचारलंस, "ल्यूबेन, यावोर म्हणतो, पाच हजारांनी ऑइल बदलायची गरजच नव्हती. खरं का रे?" मी म्हणालो, "मग त्यालाच विचार," आणि बॉनेट आपटून निघून आलो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

यावोरबद्दल काही बोलायचं नाही, असं ठरवून बसलो होतो. पण बोलतोच. जर्मनीहून आला, हातमोजे घालून काम करतो, बायको जाऊन पाच वर्षं झाली आणि डोक्यावर अजून सगळे केस आहेत. तुला त्यानं मशीनची कॉफी पाजली, हेही माझ्या कानावर आलंय. खानावळीत सगळे मला डिवचतात. "काय ल्यूबेनदादा, तुमच्या लाडानं दुसरं घर केलं म्हणे?" मी हसतो आणि आत जळत असतो.

पण ऑइलचं माझंच खरं आहे. तुझ्या इंजिनानं अडीच लाख किलोमीटर ओढलेत, सांधे बंद ठेवणारी त्याची गॅस्केटं थकलीत. त्याला जरा जाडच ऑइल लागतं, नव्या गाड्यांचं पातळ ऑइल त्यातून झिरपतं. सोमवारी पाव आणायला मी तुझ्या फाटकावरून गेलो होतो (बेकरी दुसऱ्या टोकाला आहे, ते मला ठाऊक आहे), तेव्हा द्राक्षवेलीखाली फरशीवर काळे डाग दिसले. पट्टी काढून ऑइल बघितल्याशिवाय मध विकायला लोवेचला जाऊ नकोस.

तुझा ओग्न्यान वारला, त्या वर्षी तू पहिल्यांदा गॅरेजमध्ये आलीस, आठवतं? संत गिओर्गीचा सण दोन दिवसांवर होता. मजुरी घेणार नाही म्हटल्यावर तू मधाची बरणी ठेवलीस आणि रुमालातली गरम, चीज भरलेली बानित्सा सोडलीस. तेव्हापासून वसंतात गिओर्गीच्या सणाला आणि शरदात दिमितरच्या सणाला तू येत राहिलीस. ऑइल निथळायला तास लागतो, असं मी सांगायचो आणि तू उलट्या बादलीवर बसून मधमाश्यांच्या तक्रारी सांगायचीस. तरुणपणी त्या ओग्न्यानच्या बसमध्ये बसून तू गाब्रोवोला गेलीस, तेव्हाही मी असाच जळलो होतो. तेव्हा गप्प बसलो आणि तू त्याच्याशी लग्न करून मोकळी झालीस.

म्हणून या खेपेला सांगून टाकतो. यावोर किलोमीटरबद्दल खरं बोलला. तुझ्या गाडीला दहा हजार पुरतात. तुझ्या इंजिनातून निघालेलं ऑइल इतकं चांगलं असायचं की मी ते गाळून माझ्या जुन्या ट्रॅक्टरला घालायचो. आणि निथळायला तास नाही, पाव तास लागतो. पण तुझी गाडी वर्षाला दहाच हजार चालते, झोर्नित्सा. कार्डावर खरा आकडा लिहिला असता, तर तू वर्षातून एकदाच आली असतीस, पाव तासापुरती. नऊ वर्षं मी खोटं लिहिलं, आणि तू मला लबाड म्हणालीस तर ते मला ऐकून घ्यावं लागेल. पातळ ऑइलचं यावोरला सांग, तो बदलून देईल. माणूस वाईट नाही, हे लिहिताना माझ्या पोटात दुखतंय, पण नाही वाईट. पुढच्या रविवारी दिमितरचा सण आहे. कॉफी चुलीवरच करतो, खुर्चीही घासून ठेवलीय. यावंसं वाटलं, तर गाडी घरी ठेव आणि चालत ये.

तुझाच, हे कार्डावर कधी लिहिता आलं नाही,
ल्यूबेन