देवमाशात भरलेला वारा

ता. ४ ऑक्टोबर

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू शिडीवरून पडलास हे तुझ्या बायकोने कळवलं. जन्मभर लोकांच्या तळघरांत शिरून घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्यास तेव्हा ओरखडा उठला नाही, आणि स्वतःच्या घरातला बल्ब बदलताना पाय मोडून घेतलास. धन्य आहे! प्लास्टर निघेपर्यंत स्वस्थ बस. बसणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी मोठी बहीण म्हणून लिहायला हवं. फोनवर तू हं-हं करून उरकतोस, म्हणून हे पत्र.

आता माझी अडचण ऐक. आमची सूनबाई अंध मुलांच्या शाळेत शिकवते हे तुला माहीत आहे. तिच्या वर्गात एक मुलगी आहे, एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. सूनबाईने देवमाशाचा धडा घेतला आणि मुलांच्या हातात रबराचा मासा दिला. भिंगरीने तो चाचपला आणि म्हणाली, हा तर माझ्या मुठीत मावतो, मग याला मोठा का म्हणता? सूनबाईने सांगितलं, खरा ऐंशी फूट असतो. त्यावर तिने विचारलं, की ऐंशी फूट हाताला कसे लागतात. सूनबाईने घरी येऊन तोच प्रश्न मला विचारला. मी तंबू शिवणारी बाई, पटकन बोलून गेले की मी शिवून देते ऐंशी फूट.

शिवला. तंबूच्या अस्तराचं पातळ कापड दुकानात होतं नव्हतं तेवढं लागलं. पण तो फुगेना! घरातले, शेजारचे, सगळे टेबलपंखे लावून पाहिले. मासा आपला ओल्या धुण्यासारखा पडून. काल मागच्या गल्लीत एक जुनं घर पाडत होते, तिथे भंगारवाल्याच्या गाडीवर मला तुझा धंदा दिसला: घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, वारा ढकलणारा पंखा. गोगलगायीसारखा पत्र्याचा डबा, आत गोल पिंजरा, पिंजऱ्याच्या पोटात मोटर. उचलून आणला. मोटरीतून कापलेल्या तारा लोंबतायत, पांढरी, काळी, निळी, लाल, हिरवी आणि दोन तपकिरी. कुठली कशाला जोडायची त्याचा कागद वर चिकटवलेला होता, तो ओलीने गेला. शाळेत कार्यक्रम महिनाअखेरीला आहे आणि मुलांना सांगून झालंय. हे म्हणतात, मी घराला आग लावणार. तू काय म्हणतोस?

पाय जप, आणि बहिणीवर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी ताई


ता. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पूर्ण वाचून होईपर्यंत प्लगपाशी जाऊ नकोस. भाऊजींना सांग की त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

आधी मोटरीवरची पट्टी पुसून बघ, तिच्यावरचे व्होल्ट आणि तुमच्या घरातले एकच असले पाहिजेत. दोन तपकिरी तारा कंडेन्सरच्या, म्हणजे मोटरीसोबत असते त्या चंदेरी डबीच्या. डबी सुटी पडलेली असली तरी पोटात वीज धरून बसते आणि चांगलीच चावते, म्हणून हात लावण्याआधी एका बल्बच्या दोन तारा तिच्या दोन टोकांना टेकव. हिरवी ती अर्थिंगची, पत्र्याला घट्ट बांध.

उरल्या चार. त्यांच्या रंगांवर जाऊ नकोस. भंगारातल्या मोटरीत कोणी काय बदललंय सांगता येत नाही. मीटर ओहमवर लाव आणि दोन-दोन तारा धरून आकडे बघ. आत तारेचं वेटोळं, वाइंडिंग, एकच असतं, मधूनमधून वाटा काढलेल्या असतात. एक तार अशी निघेल की तिच्यापासून बाकी तिन्ही लांबच्या वाटतील, म्हणजे आकडे मोठे येतील; ती कॉमन. तिच्यापासून सर्वांत कमी आकडा येईल ती जोराच्या स्पीडची, सर्वांत जास्त ती हळूची. यांतली एकही तार पत्र्याशी बोलता कामा नये, म्हणजे तार आणि पत्रा धरून मीटरवर आकडा येता कामा नये. बोलली तर मोटर फेकून दे. एका वेळी एकच स्पीड जोडायचा. दोन एकत्र जोडलेस तर मोटर जळेल. न वापरलेल्या दोन तारांना वेगवेगळी टेप गुंडाळ, मोटर चालताना त्यांतही वीज असते. आणि वारा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांवर जाळी हवीच. मुलं अंध आहेत, त्यांचे हात सगळीकडे जाणार.

शिडीचा विषय पुन्हा काढू नये. बाकी लोभ आहेच, तो वाढता असावा.
तुझा धाकटा


ता. १७ ऑक्टोबर

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आकडे अगदी तू म्हणालास तसे आले रे! पांढरी कॉमन, काळी जोराची, निळी मधली, लाल हळू. नुसत्या तारा बघून वाटलं होतं, हा गुंता कोणाला कळणार. आणि मीटरचा काटा हलला तशी ती मोटर आतून दिसायलाच लागली मला. कपडा न उसवता आतली शिवण दिसावी तशी.

पण जोडली तेव्हा नुसती गुणगुणली. पिंजरा हलेना. बटण बंद केलं आणि डबी नीट पाहिली तर वरून फुगलेली होती. दुकानदाराला ती दाखवून तोच आकडा लिहिलेली नवी आणली. आणि मग, अरे, काय वारा तो! कापडाचे तुकडे फळीवरून उडाले, ह्यांचं वर्तमानपत्र पान-पान होऊन छताला लागलं. हे डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी तर लहान मुलीसारखी हसत होते.

आता वाईट बातमी. थोडा वेळ चालली की आपोआप बंद पडते. हात लावला तर तापलेली. निवली की पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद. मासा अजून जोडलेलाच नाही. रिकामी चालवतानाच ही तऱ्हा, तर एवढं धूड फुगवताना काय होईल? कार्यक्रम जवळ आलाय. सूनबाई विचारत नाही, पण रोज दुकानात डोकावून जाते. भिंगरीने म्हणे सगळ्या शाळेला सांगून ठेवलंय. लवकर लिही.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई


ता. २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मोटर चांगली आहे. ती थकते आहे, कारण तू तिला मोकळी सोडलीस.

हे वाचून तू मला वेड्यात काढशील, पण एक कर. मोटर चालू असताना वारा बाहेर पडतो त्या तोंडावर जाड पुठ्ठा धर आणि अर्धं तोंड झाक. आवाज चढेल, वाटेल आता फुटते. पण तिचं ओझं कमी झालेलं असेल आणि ती तापायची थांबेल. हा पंखा घरभर फिरणाऱ्या अरुंद नळ्यांमधून वारा ढकलायला बनवलाय. समोर अडथळा नसला की तो झेपेल त्याहून कितीतरी जास्त हवा उपसत बसतो, त्या हवेच्या वजनाने तापतो आणि तापलं की वीज तोडणारा आतला कट-आउट त्याला झोपवतो. मी कामाला लागलो तेव्हा उस्तादांनी मला हेच दाखवलं होतं. माझा विश्वास बसला नव्हता. पुढे हजारदा पाहिलं, तरी दरवेळी पुठ्ठा धरताना मला अजून नवल वाटतं, की वाट अडवली तर ती हलकी होते.

तेव्हा माशाचं तोंड डब्याच्या तोंडाला घट्ट बांध आणि लाल तारेवर, हळू स्पीडवर सुरू कर. मासाच तिला सांभाळून घेईल. हळू भरेल, भरू दे.

प्लास्टरच्या आत खाज सुटते त्यावर मात्र मला उपाय सापडलेला नाही. कार्यक्रमाचं सगळं लिही, काही गाळू नकोस. धाकट्यावर मर्जी असू द्यावी.
तुझा धाकटा


ता. १ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

काही गाळू नकोस म्हणालास, पण कुठून धरू तेच कळत नाही.

शाळेच्या सभागृहात मासा सरळ मावेना, म्हणून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका अंथरला. मुलं भिंतीला टेकून बसली. लाल तार जोडलेली होती. मी बटण दाबलं. आधी नुसती सळसळ. मग माशाने डोकं जरासं उचललं, जणू कोणी हाक मारली. पाठ वर आली, हळूहळू, लाट यावी तशी, आणि शेपटीकडे सरकत गेली. मोटर एका सुरात चालत राहिली, एकदाही थांबली नाही. दुकान एवढंसं, तिथे मी त्याला तुकड्यातुकड्यांनीच शिवलेलं. सबंध फुगलेला मासा मीही पहिल्यांदाच पाहत होते. पोट माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि वरची खिडकी झाकली गेली. माझ्या हातचं काम, अस्तराचं कापड, कुठे ठिगळ आहे ते मला पाठ. तरी माझ्या अंगावर काटा आला. हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी चपला काढून ठेवल्या.

सूनबाईने भिंगरीचा हात नाकाडावर ठेवला आणि तिला सोडून दिलं. एरवी धावणारी ती पोर इतकी हळू चालली, की एकेक शिवण तिच्या बोटांखालून गेली. डोळ्याशी थांबली. वल्ह्यासारख्या पराखालून वाकून गेली. मध्येच तिने विचारलं, की हा अजून तोच आहे की दुसरा सुरू झाला. सूनबाई म्हणाली, तोच. पुढे जाऊन तिने पुन्हा तेच विचारलं. शेवटी शेपटी लागली, तिची कड दोन्ही हातांनी धरली आणि ती तिथेच खाली बसली. सूनबाईला वाटलं घाबरली, ती जवळ जायला निघाली. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, एवढा मासा कुठेही न आपटता पोहतो, म्हणजे समुद्र केवढा असेल!

अरे, लहानपणी तू आणि मी समुद्र बघितलाय, पाण्यात उभे राहिलोय. पण तो केवढा असतो हे मला काल कळलं.

मग सगळी मुलं उठली. पुढचं लिहवत नाही, डोळे भरून येतात. आता सूनबाई म्हणते, मोटर शाळेतच राहू दे. मी हो म्हटलं; तुझीही हरकत नसावी. तुझा हात माझ्या हातामागे होता, तो असाच राहू दे.
तुझी ताई


ता. ६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हिने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं. मोटर शाळेला दिलीस ते फार चांगलं केलंस. मी आयुष्यभर तळघरात बसून वारा वर धाडला, पण वर जाऊन त्याचं काय होतं हे कधी बघितलं नाही.

काल सकाळी हिच्याकडून सुतळीचं बंडल घेतलं. ऐंशी फूट मोजले, एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि कुबड्या घेऊन रस्त्याने निघालो. ही मागून ओरडत होती. शेजाऱ्यांची खिडकी गेली, त्यांचं फाटक गेलं, शिंप्याचं दुकान गेलं, तरी सुतळी संपेना. ती इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी संपली. तिथे उभा राहून मी मागे आपल्या दाराकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो. इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून विचारायला लागला, काय झालं, कोणाला बोलावू का? मी सुतळीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, बाबा, इथे त्याची शेपटी येते.

तेवढ्यात ही येऊन पोचली. रागावायलाच आली होती. पण तिने माझ्या नजरेच्या रोखाने दाराकडे पाहिलं आणि सुतळीवर हात ठेवला.

सगळ्यांना यथायोग्य नमस्कार, भिंगरीला माझे आशीर्वाद. असाच लोभ ठेव, ताई.
तुझा धाकटा