पाटीची मागची बाजू

८ जानेवारी २००१
ऑर्डर आली. फ्रान्समधल्या एका लहान गावाला त्यांच्या अ‍ॅडमिरल कूर्बेची ब्राँझची पाटी हवी आहे. आमच्या फाउंड्रीची पहिलीच परदेशी ऑर्डर. मालक गणपतरावांनी पेढे वाटले. फ्रेंच वाचणारी इथे मी एकटीच — कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासची दोन वर्षं! — म्हणून ड्रॉइंग आणि मजकूर माझ्याकडे.
९०० बाय ६००, जाडी १२ मिलिमीटर. मजकुरात चीनकडच्या त्याच्या लढाया — टोंकिन, फूचौ, फोर्मोसा — आणि १८८५ मध्ये जहाजावरच मृत्यू. फूचौपुढे लिहिलंय, "अर्ध्या तासात शत्रूचं आरमार बुडवलं."
अर्ध्या तासात कसं?

११ जानेवारी
इंटरनेट कॅफेत दोन तास बसले. कळलं.
फ्रेंच आणि चिनी जहाजं एकाच नदीत महिनाभर शेजारी उभी होती. नांगरावरचं जहाज ओहोटीला फिरतं. चिनी जहाजांच्या पाठी आपल्या तोफांकडे वळतील, ती वेळ या माणसाने हेरली. मग तोफा सुरू. युद्ध जाहीर झालेलंच नव्हतं.
हिशेब अचूक होता, ते मान्य. पण नांगरावरची जहाजं बुडवायला अर्धा तास म्हणजे जास्तच झाला!

१२ जानेवारी
फ्रान्सला फॅक्स केला. मजकुरात दोन गोष्टी राहिल्यात : जहाजं नांगरावर होती, आणि युद्ध जाहीर नव्हतं. घालायच्या का, ते कळवावे.
ड्रॉइंगवर एखादं माप राहिलं असतं तरी असंच विचारलं असतं.

१६ जानेवारी
उत्तर — मजकूर अंतिम आहे.
मी काय विचारलं होतं ते गणपतरावांना आज कळलं. भडकले. "तो आडमिरल तुझा पावणा लागतोय व्हय? का ते चिनी लागत्यात?"
म्हटलं, कुणीच लागत नाही.
"मग गप अक्षरं मोज की!"
सगळं शॉप हसलं. मी अक्षरं मोजली. दोनशे बारा.

२२ जानेवारी
आमचे सुतार ज्ञानू मिस्त्री, त्यांच्याबरोबर पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना. ब्राँझ गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न दीड टक्का मोठा. मागच्या बाजूला फक्त फाउंड्रीचं नाव येतं, बाकी जागा मोकळी. तिथे फ्रेंचमध्ये दोन ओळी घालायच्यात, म्हटलं. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. सांगितलं : जहाजं नांगरावर होती, युद्ध जाहीर नव्हतं. त्यांनी रंधा खाली ठेवला.
"नांगर टाकल्याल्या जहाजावर? मग खोल कोरू या ताई. घासून जायला नको."
दोन मिलिमीटर खोल.

२९ जानेवारी
ओतलं. एकही छिद्र नाही.

३० जानेवारी
गणपतरावांनी पाटी उलटी केली.
वाचून दाखवायला लावलं, मग म्हणाले, ग्राइंडरने काढून टाक. मी सांगितलं, दोन मिलिमीटर काढले तर जाडी दहा भरेल. ड्रॉइंगला बारा, सूट अर्ध्या मिलिमीटरची. माल परत येईल. नवी ओतायला आठवडा लागतो आणि माल शनिवारी निघायचाय.
मुद्दाम केलंस का, विचारलं. हो म्हटलं.
मग त्यांनीच मार्ग काढला. मागची बाजू भिंतीला लागणार, कोण बघतंय! आणि मला — "पाटी गेली की तूबी घरी. समजलं न्हवं?"
समजलं. आईला सांगितलेलं नाही. दुसरी नोकरी बघेन. पण त्या दोन ओळी मी पुसणार नाही.

१ फेब्रुवारी
फ्रान्सहून फॅक्स. भिंतीचं रद्द झालं. पाटी बागेत मधोमध, दोन खांबांवर उभी राहणार. मागची बाजूही पॉलिश करून पाठवावी.
फॅक्समधली ही शेवटची ओळ वाचताना गाळली असती तर इथे कुणाला कळलं नसतं. गणपतरावांना सगळा फॅक्स वाचून दाखवला. त्यांनी पाटी पुन्हा उलटी करून बघितली.
जॉब कार्डवर लिहिलं : पॉलिश — दोन्ही बाजू.