चौदा चिठ्ठ्या

मंगळवार, १२ मार्च

प्रिय खारूताई,

शाळा सुटून तीस वर्षं झाली आणि पहिलं पत्र लिहितेय, तेही लेकीच्या दप्तरातून पाठवतेय. गणिताच्या नव्या बाई पेन्सिल कुरतडतात म्हणाली, तेव्हाच तुला ओळखलं. माझं शिवणकामाचं दुकान बरं चाललंय. गुडघे तेवढे कुरकुरतात.

शुक्रवारी लेक घुम्यासारखी घरी आली. शेवटच्या तासाचा कंटाळा येतो म्हणून त्यांच्या वर्गाने एका मुलीशी अबोला धरला होता. तू पकडलंस, पण ओरडली नाहीस म्हणे. स्वतःचीच गोष्ट सांगितलीस : "आम्हीही हा खेळ खेळलो. चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव निघालं. महिनाभर कुणी बोललं नाही. माझं नशीबच फुटकं, दुसरं काय!" लेक त्या मुलीची माफी मागून आली आणि पोटभर जेवली. मी मात्र ताट बाजूला सारलं.

किती वेळ नुसतं कापड मोजत बसू? कात्री चालवतेच. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. खेळही मीच काढला, निव्वळ कंटाळ्यापायी. मग आपलंच नाव निघेल म्हणून घाबरले आणि चौदाही चिठ्ठ्यांवर तुझं नाव लिहिलं. तुझंच का? तू कुणाकडे तक्रार करणारी नव्हतीस म्हणून. नळाजवळ एकटी डबा खायचीस, आणि मी बघून हसायचे. फार लाज वाटते गं. माफ कर.

दोष नशिबाचा नव्हता, माझा होता.

तुझी (म्हणू का?)
ढब्बू

गुरुवार, १४ मार्च

ढब्बे,

पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं. राग आला, खूप आला. दोनदा चुरगळून टोपलीत टाकलं, दोनदा काढलं. मग एकदम हलकं वाटायला लागलं. लग्न मोडलं, बस चुकली, दूध नासलं, सगळ्याचं खापर मी नशिबावरच फोडत आले. त्या दिवसापासून ते फुटकंच धरलं होतं. बिचारं निर्दोष निघालं की!

शनिवारी पालकसभा आहे. डबा घेऊन ये, नळाजवळ बसू. मी महिनाभराचं सगळं बोलणार आणि तू ऐकायचंस. मध्ये तोंड उघडायचं नाही, घास घालण्यापुरतं सोडून.

तुझी (म्हण की!)
खारूताई