सातव्या मजल्यावरचं गलबत

२ मार्च, सोम.
लिफ्ट आजही बंद. सातवा मजला, त्यात माझा गुडघा. म्हणजे कोंडूनच पडलेय. सेक्रेटरी म्हणतो पार्ट येतोय. कुठून, चंद्रावरून?
कादंबरी पुढे सरकली. माझी गंगू आणि तिचा बारा वर्षांचा सदू, वाफेवर उडणाऱ्या गलबतात, घाटकोपरच्या डोंगरावर. लिहिलं, 'बॉयलरच्या तीन शिट्ट्या झाल्या तशी गंगूने आच कमी केली.' आमचे चिरंजीव ओंकार वाचून हसत सुटले. "आई, बॉयलर आहे तो, कुकर नाही!"
मेल्या, वाफ ती वाफच. खोडणार नाही.

५ मार्च, गुरु.
प्रकरण अडलं. मागे लागलेलं गोऱ्या साहेबांचं गलबत, कोळसा संपत आलेला, वजन जास्त. ओंकारला विचारलं, काय करू?
"गंगूला उतरव."
"आणि पोरगं एकटं?"
"अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालाय तो. जाईल ना एकटा."
अरे, सदू बाराचा! अठ्ठावीसचा तू.
तो पिशवी घेऊन भाजी आणायला गेला. सात मजले उतरून.

७ मार्च, शनि.
शेवटी बोलला. बेंगळुरूची नोकरी मिळालीय. सोमवारी कळवायचंय. "नाही सांगतोय."
"का रे?"
"लिफ्ट बंद आहे ना."
लिफ्ट सुरू झाली की माझा गुडघा. गुडघ्यानंतर बी.पी. असेलच काहीतरी. डोकंच फिरलं. मी काय तुझ्या पायातली बेडी आहे काय, म्हणून ओरडले. त्याने मुकाट आमटी गरम केली.
इथे खोटं कशाला लिहू? 'नाही सांगतोय' ऐकल्यावर आधी हायसंच वाटलं मला. राग नंतर आला. शी!

९ मार्च, सोम.
सकाळी त्याला म्हटलं, "जा तू. मावशी येईल राहायला." मावशीला अजून विचारलेलं नाही.
"बघू," म्हणाला.
आता आतल्या खोलीत दार लावून कंपनीशी बोलतोय. आवाज येतो, शब्द कळत नाहीत.
मी लिहायला बसलेय. गंगू दोराने डोंगरावर उतरली. पाय टेकले. वर सदू, गलबत निघायला तयार. आता तिने दोर सोडायचा, बस्स.
चार वेळा लिहिलं. सोडतच नाही बाई.