बर्फघरातलं शूटिंग

४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. "फोनवर बोलणं जमत नाही, हे समोरच बसलेले असतात आणि माझा आवाज जरा चढला की दचकतात," असं लिहिलंयस. मग पत्रच बरं. फक्त माझ्या अक्षराला हसू नकोस. भावोजींच्या हाती ही पानं पडली असती तर त्यांनी आधी लाल पेनाने वेलांट्या दुरुस्त केल्या असत्या आणि मग मजकूर वाचला असता.

इकडे माझं ठीक चाललंय. स्टुडिओत कामाचा ढीग आहे. शाळांसाठी माहितीपटांची नवी मालिका पुढच्या महिन्यात द्यायचीय. एक मुंग्यांवर, एक जुन्या छपाई यंत्रावर, एक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांवर. प्रत्येकी दहा मिनिटं. मुंग्यांचं अख्खं राज्य दहा मिनिटांत बसवताना माझा जीव मेटाकुटीला येतो. त्यातल्या त्यात सुख म्हणजे मुंग्यांना कॅमेऱ्याकडे बघू नका असं सांगावं लागत नाही.

निवेदन आता एक तरुण बाई करते. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. पण मुलं तिला पत्रं लिहीत नाहीत. भावोजींना यायची, 'दाढीवाले आजोबा यांस' असा पत्ता घालून. तुला आठवतंय ना, शाळेतून निवृत्त झाल्यावर घरभर येरझाऱ्या घालून त्यांनी तुझं डोकं उठवलं होतं? मी त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि त्यांची कळी खुलली. शॉट सुरू व्हायच्या आधी डोक्यावरचे उरलेसुरले केस विंचरायचे आणि विचारायचे, "दिग्दर्शकबाई, डावा गाल बरा दिसतो की उजवा?"

बर्फघराची फिल्म अर्धवटच पडलीय. स्टुडिओचे साहेब म्हणतात, आहे त्यावर पुरी कर आणि शेवटी त्यांना अर्पण केल्याची पाटी टाक. मी टाळतेय. माणूस जिवंत असताना अर्पण कसलं करायचं?

घरी कधी येतेस, असं विचारलंस. त्यांना इस्पितळातून आणून दोन महिने होत आले आणि मी एकदाही फिरकले नाही, हे मला कळतं गं. पण या महिन्यात जमेलसं दिसत नाही. काम हातातून सुटत नाहीये. बोटांच्या व्यायामाचा रबरी चेंडू वेगळ्या पार्सलने पाठवलाय. त्यांची झोप, खाणं, चालणं, सगळं सविस्तर कळव. तूही दुपारी जरा आडवी होत जा.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं आणि तीन दिवस पर्समध्ये तसंच ठेवलं.

आता ते एकच शब्द बोलतात, असं तू लिहितेस. 'परत?' खुर्चीत बसवलं की 'परत?' चमचा पुढे केला की 'परत?' भुवया उंचावून, काहीतरी विचारल्यासारखं. तुला वाटतं त्यांना जुन्या घरी परत जायचंय. म्हणून तू त्यांना चपला घालतेस, कोपऱ्यापर्यंत नेतेस, आणि परतून दाराशी आलात की पुन्हा तेच. तू विचारतेस, "तुला काही सांगता येईल का? त्या दिवशी त्यांच्याबरोबर तूच होतीस."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, मेंदूला इतका वेळ प्राणवायू मिळाला नाही की त्यातून कुठला शब्द उरेल आणि का उरेल, ते कुणालाच सांगता येत नाही.

त्या दिवसाचं मी तुला इस्पितळात सांगितलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं! पुन्हा लिहिते. बर्फघर म्हणजे जमिनीखालची खोल दगडी खोली. जुन्या काळी त्या थंड डोंगराळ भागात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ कापून तिथे लाकडाच्या भुशात पुरून ठेवायचे आणि भर उन्हाळ्यात बाहेर काढायचे. बेचाळीस पायऱ्या आहेत. तळाशी जुना भुसा कुजत पडलाय. कुजताना तो हवेतला प्राणवायू खातो आणि जड वायू सोडतो. तो वायू खड्ड्यात पाण्यासारखा साचून राहतो, दिसत नाही, वास येत नाही. हे मला भावोजींनीच समजावलं. म्हणून तर त्यांनी कंदील मागवला होता. ज्योत मिणमिणली की माणसाने तिथूनच मागे फिरायचं, हे त्यांना मुलांना करून दाखवायचं होतं.

दरवाजाशी आम्ही दोघंच होतो, मी आणि लंबू. लंबू म्हणजे आमचा कॅमेरामन, तू त्याला इस्पितळात पाहिलंयस. भावोजी उतरले. तिसाव्या पायरीवर ज्योत बारीक झाली. तिथे थांबून ते कॅमेऱ्याकडे बघून बोलले आणि वर आले. मग दुसऱ्यांदा उतरले. पुढचं तुला माहीत आहे.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. पहिल्या वेळी आवाज रेकॉर्ड झालाच नव्हता. माइकने दगा दिला. म्हणून दुसऱ्यांदा उतरावं लागलं. यंत्र आहे, बिघडतं कधीकधी.

आमच्याकडे शॉट चुकला की तो परत घेतात. तो शब्द तिथलाही असेल. नसेलही. तू म्हणतेस तसं घरचंच काही असेल. तू त्यांना कोपऱ्यापर्यंत नेत राहा, चालणं तरी होतं.

अपघाताची चौकशी अजून चालू आहे. माझा जबाब पहिल्याच आठवड्यात झालाय, त्यामुळे मला आता कुणी बोलावत नाही.

जपून राहा. मी लवकरच यायचं बघते.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. तू लिहिलंयस:

"काल मी त्यांच्या हातावर चापट मारली. घास तोंडातून बाहेर काढत होते. मी ओरडले, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना सावध राहायला शिकवलंत आणि स्वतः विझता दिवा हातात घेऊन खाली गेलात. तेव्हा माझा विचार केलात का? ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, परत? मला या माणसाचा राग येतो गं. बेचाळीस वर्षांत आला नाही इतका. आता भरवताना माझा हात कडक होतो, आणि तो त्यांना कळतो."

ताई, त्यांच्या हातातला दिवा विझणारा नव्हता.

मी आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुढे लिहिणार नाही, म्हणून वेडंवाकडं असलं तरी तू वाचून घे.

माइकने दगा दिला नव्हता. तो त्यांच्या कॉलरला लावायचं आणि त्याचं बटण चालू करायचं काम माझं. त्या सकाळी साहेबांचा तीनदा फोन आला होता, मी चिडलेली होते, विसरले. भावोजी वर आले ते खुशीत होते. थोडी धाप लागली होती. कपाळावर घाम होता, त्या थंडीत. म्हणाले, "झकास झालं की नाही? ज्योत अगदी वेळेवर मान टाकायला लागली!" मी हेडफोन लावून ऐकलं तर नुसती शांतता.

"भावोजी, आवाज आला नाहीये."

त्यांनी भुवया उंचावल्या. "परत?"

नेहमीसारखंच, ताई. सहा वर्षं प्रत्येक शूटिंगला ते असंच विचारायचे आणि मी मान हलवायचे.

"घेऊ," ते म्हणाले, "पण तासाभराने. दोन्ही दारं उघडी ठेव, हवा खेळू दे. डोकं जरा जड झालंय माझं."

डोकं जड झालंय, हे त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. पण पायऱ्यांवर उन्हाची एक तिरीप पडली होती, फार सुंदर, आणि ती दहा मिनिटांत जाणार होती. माइक मी आता चालू केला होता, लंबूचा कॅमेराही सुरू होता. मी म्हटलं, "तासाभराने ऊन राहणार नाही. एकदाच, पटकन. पाच मिनिटांचं काम." आणि दुसरं म्हटलं. ज्योत बारीक झाली की त्यांचा चेहरा अंधारात जात होता. म्हणून मी त्यांच्या हातातून कंदील काढून घेतला आणि आमचा बॅटरीवरचा दिला. दिसायला तसाच, आत दिवा लुकलुकणारा. तो काही विझत नाही. तो पाण्यातसुद्धा जळतो.

त्यांनी तो हातात फिरवून पाहिला. "हा काही बोलायचा नाही मला," म्हणाले.

मी म्हटलं, "तिसाव्या पायरीवरच थांबायचंय, माहितीच आहे तुम्हाला. आणि या वेळी दोन पायऱ्या खाली गेलात तर ऊन नेमकं मागे येईल."

ते गेले, कारण मी सांगितलं. ज्या पोरीला तुम्ही दोघांनी आई-बाबा गेल्यावर वाढवलं, तिचा शब्द त्यांनी कधी मोडला होता का? बत्तिसाव्या पायरीवर वळले, दोन वाक्यं बोलले, तिसरं अर्धं राहिलं आणि पायाखालचं सुटल्यासारखे खाली गेले. तळापर्यंत.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी जबाब लिहून आणला. 'तज्ज्ञ व्यक्तीने स्वतः ठरवलेल्या धोक्याच्या खुणेकडे दुर्लक्ष केले.' शब्द त्यांचे होते. सही मी केली. तेव्हा डॉक्टर म्हणत होते, आठवडाभरही काढणार नाहीत. मी मनात म्हटलं, जाणाऱ्या माणसाला दोष लागला तर कुणाचं काय बिघडतं. मी हे असं, या शब्दांत म्हटलं होतं. आणि मग ते वाचले. इस्पितळाच्या त्या जिन्यात तू मला मिठी मारून रडलीस आणि मला आनंदाच्या आधी भीती वाटली.

म्हणून मी घरी येत नव्हते. कामामुळे नाही.

त्यांना कुठेही जायचं नाहीये, ताई. ते मला विचारतायत, परत उतरू का? दिवसभर, तुझ्या तोंडाकडे बघून. आता म्हणाले की त्यांना सांग, "नको. झालं. छान आला." मी हेच शब्द म्हणायचे शॉट संपल्यावर. त्याने काही फरक पडेल की नाही, मला माहीत नाही. पण सांग. आणि चपला घालून दमवू नकोस त्यांना.

हे मी चौकशी अधिकाऱ्यांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. सकाळी दहाला आले. कॅमेऱ्यातलं शूटिंगचं मेमरी कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. चार महिने ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. लंबूने एकदा विचारलं होतं, "मॅडम, ते कार्ड?" मी म्हटलं, खराब झालं. तेव्हापासून तो माझ्याबरोबर चहाला येत नव्हता; आज खरं सांगितल्यावर इथपर्यंत सोबत आला.

अधिकाऱ्यांनी दुसरं चित्रण दोनदा ऐकलं. माझा आवाज त्या खोलीत, त्या फायलींमध्ये, 'एकदाच, पटकन.' मग चष्मा काढून म्हणाले, "आधीचा जबाब कुणाच्या दबावाखाली दिलात का?"

साहेबांकडे बोट दाखवणं सोपं होतं. मी म्हटलं, "शब्द दुसऱ्याचे होते. सही करताना कुणी माझा हात धरला नव्हता."

"याचे परिणाम माहीत आहेत?"

"हो."

"मग आज का आलात?"

मी तुझं पत्र दाखवलं. त्यांनी चापटेपर्यंत वाचलं आणि घडी घालून मला दिलं. म्हणाले, "बाहेर थांबा. नवा जबाब टाईप होतोय." साहेबांना मी काल संध्याकाळीच कळवलं. ते म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, आणि फोन ठेवला. माझ्यावर खटला होईल असं दिसतंय. होऊ दे.

एक अजून राहिलंय. ते अधिकाऱ्यांना सांगून झालंय. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

भावोजी पडले तेव्हा लंबू कॅमेरा तसाच सोडून धावला. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्याकडे फेकलं आणि ओरडला, "मॅडम, दोर धरा, मी श्वास रोखून जातो!" मी दोर धरला. आम्ही त्यांना वर काढलं, हे सगळं खरं आहे. पण दोर धरायच्या आधी मी कॅमेऱ्याकडे वळले. त्याचा लाल दिवा जळत होता. माझं बोलणं त्यात गेलंय, हे माझ्या लक्षात आलं. भावोजी तळाशी पालथे पडले होते आणि मी हात लांब करून आधी कॅमेरा बंद केला. मग दोर उचलला.

किती सेकंद गेले, ते कार्डावर नाही. मी रोज मोजते. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही की तेवढ्याने काही बिघडलं असेल का.

माफी मागत नाही. तो शब्द लिहून पाहिला आणि खोडला. तुझा राग माझ्याकडे पाठव, त्यांच्या वाट्याला गेलेलाही सगळा. त्यांचा हात हातात घे आणि त्यांना सांग की त्यांनी काही चूक केली नाही. हे पत्र लंबू घेऊन येतोय, आज संध्याकाळपर्यंत पोचेल. मी उद्या सकाळच्या गाडीने येते. बेल एकदाच वाजवीन. उघडायचं नसेल तर आतून काही बोलू नकोस, मी समजेन आणि पायऱ्यांवर बसून राहीन.

शिपायाने हाक मारली. जबाब टाईप होऊन आलाय. तिथे पूर्ण नावाने सही करायचीय, ती करते. इथे खाली काय लिहावं, तुझी कोण म्हणून, ते मला सुचत नाही. जागा कोरी ठेवतेय. तू सांगशील ते लिहीन.